बरा झालेला मुलगा

श्वास कापणं हा माझा धंदा आहे. लोक पुस्तकं वाचतात, भाषणं ठोकतात, आणि मध्ये मध्ये श्वास घेतात, खाकरतात, आवंढे गिळतात, ओठ उघडताना चिकट आवाज करतात. ते सगळं मी पडद्यावर शोधून काढून टाकते. मागे जो माणूस उरतो तो नुसता बोलत असतो, त्याला फुप्फुसं आहेत असं वाटतच नाही. त्या मंगळवारी माझ्या कानांत एक म्हातारे डॉक्टर होते. मुलांच्या मेंदूच्या आजारांवर कुठेशी परिषद झाली होती, तिथली भाषणं आमच्या स्टुडिओत साफसफाईला आली होती, आणि हे एक भाषण मी शेजारच्या टेबलावरून अक्षरशः ओढून घेतलं होतं, कारण त्याचा विषय माझ्या घरात राहत होता. डॉक्टरांना दर वाक्याआधी घसा साफ करायची खोड. मी मुकाट्याने कापत चालले होते. बोलता बोलता ते म्हणाले, "आमच्या एका सहकाऱ्यांकडचा हा मुलगा. वय अकरा. घसा दुखायचं निमित्त झालं आणि आठवड्याच्या आत तो घरच्यांना ओळखू येईना. गिळायची भीती, मानेला झटके, शाळा बंद. आईला एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावायचा, मनासारखा म्हटला जाईपर्यंत." माझा हात थांबला. "पहिल्या टप्प्याचेच उपचार दिले. आज तो शाळेत जातो, सायकल चालवतो, पोटभर जेवतो, घरच्यांशी कडाकडा भांडतो. पूर्ण बरा झाला असं म्हणायला माझी काही हरकत नाही." आणि ते खाकरले. ते खाकरणं मी कापलं नाही. 

मी तेवढाच तुकडा पुन्हा ऐकला, मग पुन्हा. दारात आमचे मालक येऊन उभे राहिले. त्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांची बायकोसुद्धा. "काय गं, रडतेस का?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. "मग डॉक्टर एवढं वाईट सांगतोय?" "चांगलं सांगतायत, मामा." "मग सावकाश काप. चांगलं सांगणारे कमी येतात आपल्याकडे," असं म्हणून ते आपल्या खोलीत गेले. मी तो तुकडा फोनमध्ये उतरवून घेतला. हे नियमात बसत नाही. गिऱ्हाइकाचा आवाज इमारतीबाहेर न्यायचा नाही अशी भिंतीवर पाटी आहे आणि ती पाटी मीच लावलेली आहे. त्या दिवशी नियम गेले खड्ड्यात. जगात कुठेतरी आमच्या मुलीसारखा, अगदी आमच्याच मुलीसारखा एक मुलगा होता आणि तो बरा होऊन सायकल चालवत होता. बसमध्ये उभ्या उभ्या मी त्याला रंग दिला, उंची दिली, पुढचे दात थोडे मोठे दिले. सायकल लाल दिली. त्याच्या आईचा चेहरा मात्र काही केल्या जमेना.

आमच्या मुलीला आम्ही भोंगी म्हणतो. जन्मली तेव्हा तिने असा टाहो फोडला की तिचा बाबा म्हणाला, आपल्याला कारखान्याचा भोंगा झालाय, आणि तेच चिकटलं. भोंगीला गुपित ठेवता यायचं नाही, हळू बोलता यायचं नाही; शेजाऱ्यांना आमच्या घरातली भाजीसुद्धा ठाऊक असायची. मग ती दुसरीत असताना एका शुक्रवारी घसा धरून घरी आली, आणि पुढच्या शुक्रवारी आमच्याकडे दुसरीच कुणी मुलगी राहायला आलेली होती. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या. मान एका बाजूला झटकायची. घशात काहीतरी अडकेल म्हणून घास घ्यायची नाही, पुढे पुढे थुंकीही गिळायची नाही, रुमालात घ्यायची. आणि आवाज गेला. म्हणजे घसा बरा झाला, पण आवाज परत आला नाही. ती कुजबुजायला लागली, आणि माझ्याकडून एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायला लागली. पहिले डॉक्टर म्हणाले, लाड कमी करा. दुसऱ्यांनी विचारलं, घरात भांडणं होतात का. तिसऱ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, तुम्ही नोकरी करता का, आणि मी हो म्हटल्यावर अशी मान डोलावली की निदान पूर्ण झालं.  पुढे भटकत भटकत आम्ही आमच्या डॉक्टरबाईंपर्यंत पोचलो. त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की ही मुलगी खोटं करत नाही आणि तुम्हीही काही बिघडवलेलं नाही; घशातल्या जंतूंशी लढणारी शरीराची फौज चुकून मेंदूच्या एका भागावर घसरली आहे. असल्या आजाराला ऑटोइम्यून म्हणतात हे त्या दिवशी कळलं. मी त्यांच्या टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडले. आपल्या मुलीच्या मेंदूवर हल्ला झालाय हे ऐकून कुणाला हलकं वाटेल का? मला वाटलं.

भोंगीचा बाबा लिफ्ट तपासतो. उंच इमारतींमध्ये लिफ्टच्या टपावर उभा राहून तो दोर बघतो, ब्रेक बघतो, दारांच्या कड्या बघतो आणि मग सही करतो. त्याच्या कामात प्रत्येक भागाचं आयुष्य ठरलेलं असतं. म्हणून सुरुवातीला तो शांत होता. असल्या मुलांचं पुढे काय होतं ते कुठेतरी छापलेलं असणारच, म्हणाला, आपण फक्त शोधायचं. कामावरून आला की हातपाय धुऊन जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचा. मी समोर बसायचे. आम्ही दोघं मिळून अशी भाषा वाचायचो जी दोघांनाही येत नव्हती. शब्द आधी उच्चारायचा, मग त्याचा अर्थ शोधायचा, मग त्या अर्थाचा अर्थ. टेबल कागदांनी भरल्यावर आम्ही ओट्याशी उभं राहून जेवायला लागलो. स्टिरॉइड कुणाला किती दिवस दिलं, शिरेतून प्रतिपिंडं चढवल्यावर कोण किती सुधारलं, घसा पुन्हा बिघडू नये म्हणून अँटिबायोटिक किती काळ चालू ठेवलं. आता आमची परीक्षा घेतली तर दोघंही निम्मे डॉक्टर होऊन बाहेर पडू. पण आम्हाला उत्तर हवं होतं ते एकाच प्रश्नाचं. ही मुलगी मोठी झाल्यावर कशी असेल? एकटी रस्ता ओलांडेल का, कुणाच्या प्रेमात पडेल का, आम्ही नसू तेव्हा तिला कुणी ओरडणार नाही ना? कागद म्हणायचे, काही मुलं बरी होतात, काहींना हे पुन्हा पुन्हा होतं, काहींच्यात ते ठाण मांडून बसतं. एवढं तर मामाही सांगू शकले असते.

बहुतेक अभ्यासांच्या शेवटी एक ओळ असायची, काही मुलं पुढच्या तपासण्यांना आली नाहीत अशी. मी तिथे येऊन अडकायचे. "बरी झाली असतील," बाबा म्हणायचा. "बरं वाटल्यावर कोण दवाखान्याची पायरी चढतं?"

"किंवा त्यांचे आईबाप दमले असतील."

"तू नेहमी तेच बघ."

"आणि तू नेहमी चांगलंच बघ."

ज्या मुलांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं, त्यांच्यावरून आमचं असं जुंपायचं की भोंगीची आत्या मध्ये येऊन दिवा विझवून टाकायची. भोंगीची आत्या, म्हणजे याची मोठी बहीण, आमच्याकडे मुलीसाठी येऊन राहिली आहे. आयुष्यभर तिने तलावावर मुलांना पोहायला शिकवलं, त्यामुळे कुठल्याही भीतीवर एकच उपाय तिला माहीत आहे, मागून हलकेच ढकलणं. सुरुवातीला तिने भोंगीलाही तसं ढकललं होतं, म्हणजे खा म्हणून घास तोंडात कोंबला होता. त्यानंतर जे झालं ते पाहून बाई पार खचली. तेव्हापासून ती कुणालाही काही सुचवत नाही, नुसती मुलीच्या जवळ बसते, आणि आमच्या घरात सध्या तेवढंच कुणाला नीट जमतं.

मधे एकदा चांगले दिवस आले होते. पहिले उपचार लागू पडले असं सगळेच म्हणाले. भोंगी शाळेत जायला लागली, मोठ्याने बोलायला लागली, आत्याबरोबर पोहायला जायला लागली, ताट चाटूनपुसून जेवायला लागली. आम्ही टेबलावरचे कागद उचलून कपाटावर ठेवले आणि खुर्च्यांवर बसून जेवलो. ते जेवण मला अजून आठवतं, कारण कुणीही काही महत्त्वाचं बोललं नाही. मग शाळेत कुणाला तरी सर्दी झाली. कुणाला झाली ते मी शोधून काढलं होतं, तो पोरगा गोड आहे, आणि त्याला पाहिलं की अजून माझ्या पोटात राग उसळतो. त्या सर्दीनंतर सगळं आधीपेक्षा वाईट रूपात परतलं. आता भोंगीची मुख्य अडचण मी घराबाहेर पडण्याची आहे. निघताना मी "येते" म्हणते, ते तिला बरोबर म्हटलेलं लागतं. चुकीचं म्हटलं तर मी वाटेत मरणार, हे तिला ठाऊक आहे. वाटतं असं नाही, ठाऊक आहे. "पुन्हा," ती कुजबुजते. येते. "पुन्हा." येते. "असं नाही, आई, तू घाई केलीस." येते. बस निघून जाते, दुसरी निघून जाते, ती दाराशी चपला-बुटांच्या शेजारी बसून थरथरत असते आणि मी तोंडातून एक शब्द काढत राहते, इतका की त्याचा अर्थ उडून जातो. मग मला माझा धंदा आठवला. एकदा बरोबर आलेलं "येते" मी फोनमध्ये टिपून घेतलं, स्टुडिओत नेलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि दुसऱ्या दिवशी दारात लावलं. मनात म्हटलं, झालं, सुटलो. भोंगीने ते ऐकलं आणि कानांवर हात ठेवून जमिनीवर लोळायला लागली. आत्याने फोन बंद केल्यावर खूप वेळाने ती म्हणाली, "ती तू नाहीस. ती श्वासच घेत नाहीये." खरंच होतं ते. सवयीने मी शब्दाआधीचा श्वास कापला होता. त्या दिवशी मी कामावर गेलेच नाही.

म्हणून डॉक्टरबाईंनी मोठ्या औषधाचं नाव काढलं होतं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, आमच्या घरात त्याला मोठं औषधच म्हणतात. शिरेतून जातं. फौजेतले बरेचसे शिपाई घरी पाठवतं. मग कित्येक महिने साधा तापही साधा राहत नाही. फायदा झालेली मुलं आहेत, न झालेलीही आहेत, आणि इतक्या लहान वयात दिल्यावर लांबच्या काळात काय, ते कुणालाच नक्की माहीत नाही. डॉक्टरबाई स्वतः म्हणाल्या होत्या, "माझी मुलगी असती तर मीही चार वेळा विचार केला असता. पण दिलं असतं." आम्ही विचार करतो म्हणून उठलो आणि विचार करतच होतो. माझा नवरा म्हणायचा, ज्या दोराची चाचणी झालेली नाही त्यावर मी कुणाला चढवत नाही. मी म्हणायचे, ती चढलेली आहेच, आता आहे त्या दोराचं काय? अशा घरात मी त्या मंगळवारी तो मुलगा घेऊन आले. संध्याकाळी ओट्याशी उभं राहून आम्ही तो तुकडा ऐकला. पहिल्या टप्प्याचेच उपचार, हे शब्द आल्यावर नवऱ्याने माझा दंड धरला. "बघ," तो म्हणाला. "म्हणजे थांबलं पाहिजे आपण. घाई करत होतो." त्याचा आवाज चिरकला आणि ते लपवायला तो भांडी घासायला लागला. आत्या पदराला हात पुसत म्हणाली, "कुठे असतो तो मुलगा? एकदा बघायला मिळाला तर बरं होईल." सगळ्यांना तो फक्त बघायचा होता.

आणि मी भोंगीला सांगितलं. सांगायला नको होतं असं आता म्हणणं सोपं आहे. ती दाराशीच बसली होती, सकाळी माझं "येते" फसल्यापासून ती तिथून हलली नव्हती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, एक मुलगा आहे, त्याला अगदी तुझ्यासारखं झालं होतं. तिने मान वर केली. कितीतरी दिवसांनी ती माझ्याकडे बघत होती, माझ्या तोंडाकडे नाही. "त्यालाही गिळता येत नव्हतं?" नव्हतं. "त्याचीही मान?" हो, मानसुद्धा. "मग?" मग तो बरा झाला, म्हटलं, आता सायकल चालवतो. "त्याला विचार," ती म्हणाली, "पहिल्यांदा बरं वाटलं ते सकाळी की दुपारी?" त्यानंतर रोज एकेक प्रश्न येत गेला. त्याला अंधाराची भीती वाटते का. त्याची आई कामाला जाते का. गेली तर काय म्हणून जाते. मी सांगायचे, आपण डॉक्टरबाईंना भेटू ना, त्यांच्याकडून त्याचा पत्ता काढू, मग सगळं विचारू. त्या दिवसांत ती वाटीभर पातळ खायची, त्या मुलासाठी. मी कामावर श्वास कापायचे आणि मनात त्याच्या आईशी बोलायचे. तिला विचारायचं ठरवलं होतं की पहिल्यांदा मुलगा हसला तेव्हा तुम्हाला भीती नाही का हो वाटली.

डॉक्टरबाईंच्या खोलीत एक लाकडी बदक आहे, दोरी धरून ओढलं की चालणारं. त्याचं एक चाक गेलंय. आमची पाळी आली तेव्हा कुणाचं तरी लहान मूल ते ओढत नुकतंच बाहेर गेलं होतं आणि बदक दारात आडवं पडलं होतं. नवऱ्याने ते उचलून सरळ ठेवलं, चाक चाचपून पाहिलं, मग बसला. आम्ही ठरवून आलो होतो, त्यामुळे मला बोलायला धीर होता. मी म्हटलं, "बाई, मोठं औषध आत्ता नको. आम्हाला एक मुलगा सापडलाय." आणि फोन टेबलावर ठेवून लावला. म्हातारे डॉक्टर बोलायला लागले. आमच्या एका सहकाऱ्यांकडचा हा मुलगा. डॉक्टरबाई पहिल्या वाक्याला हसल्या, ओळखीचा आवाज ऐकल्यावर हसतो तसं. मग हसणं तसंच चेहऱ्यावर राहून गेलं. मी पुढे बोलतच होते. आम्हाला नाव नको, पत्ता नको, त्यांनी नुसता फोन केला तरी चालेल, त्या आईंना म्हणावं हवं तर नंबर लपवून करा.

"त्या आईंना," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन बंद केला. "दुसऱ्या कुणाचा मुलगा असता तर मी तुम्हाला एक अक्षर सांगू शकले नसते."

"म्हणजे?"

"तो मुलगा नाहीये. मुलगी आहे. ही केस मीच सरांना दिली होती. वय वाढवलं, मुलीचा मुलगा केला, पोहण्याच्या जागी सायकल घातली. ओळख पटू नये म्हणून असंच करतात. तुमची परवानगी घेतली होती तेव्हा, बाबांनी सही केली होती."

नवरा म्हणाला, "पण आमची तर बरी झालेली नाही."

"मी केस दिली तेव्हाची शेवटची तपासणी चांगली होती. त्या दिवशी ते खरं होतं," त्या म्हणाल्या. "सर्दी त्यानंतर झाली. सरांना कळवायला हवं होतं मी. राहून गेलं." त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढल्यावर त्या कुणाच्या तरी थकलेल्या बहिणीसारख्या दिसत होत्या.

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की तो मुलगा मेला. सबंध मुलगा, मोठ्या दातांचा, लाल सायकलीसकट. एवढं दुःख मला आमच्या मुलीच्या निदानानेही झालं नव्हतं. डॉक्टरबाई औषधाबद्दल पुन्हा काहीतरी समजावत होत्या, पहिले उपचार एकदा लागू पडले होते तर पुन्हा तेच द्यायचे की पुढे जायचं, दोन्ही बाजूंनी बोलता येतं, तुम्ही ठरवा. आणि मी विचार करत होते की आम्ही इतके कागद पालथे घातले, इतक्या परक्या मुलांना रात्रंदिवस डोक्यात वागवलं, आणि साऱ्या जगात बरं झालेलं जे एक मूल हाती लागलं ते आम्हीच तिकडे पाठवलेलं निघालं. आता ते भाषण ठिकठिकाणी जाईल. आवाज स्वच्छ आहे, मीच केलाय. कुठल्यातरी घरात कुणीतरी ओट्याशी उभं राहून ऐकेल आणि दुसऱ्याचा दंड धरेल. बाहेर पडल्यावर नवरा जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. लिफ्ट समोर उघडी होती, पण तो तिच्यात शिरला नाही. "दुसरा असेल कुणीतरी," तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या जगात. आपण नीट शोधलं नाही अजून." मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करणार होते? पायऱ्या उतरताना आम्ही ठरवलं की भोंगीला काही सांगायचं नाही. म्हणायचं, तो मुलगा दूरच्या गावी राहायला गेला. एवढं खपून जाईल.

दार आत्याने उघडलं. भोंगी चपला-बुटांच्या शेजारी बसलेलीच होती, पण आज तिने केस विंचरून घेतले होते. "भेटला?" तिने विचारलं. तिची मान झटकली गेली, पुन्हा झटकली गेली, आणि ती थांबेपर्यंत मी थांबले. नवरा माझ्या मागून आत आला आणि आमच्याकडे न बघता स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. मी खाली बसले. दूरच्या गावाचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. ते नीट म्हणता येणार नाही आणि ती मला पुन्हा म्हण म्हणेल, अशी काहीतरी मूर्खासारखी भीती मला वाटली. मी म्हटलं, "भोंगे, तो मुलगा म्हणजे तूच. डॉक्टरबाईंनी तुझीच गोष्ट त्यांना सांगितली होती, नाव-गाव बदलून. मधे तू बरी झाली होतीस ना, तेव्हाची." ती रडेल, लोळेल, डोकं आपटून घेईल, या सगळ्यासाठी मी हात तयार ठेवले होते. तिने नुसत्या भुवया जवळ आणल्या.

"पण मी बरी कुठे झाले होते?"

"झाली होतीस की. वर्गात हात वर करायचीस. जिन्यात केवढ्याने गाणी म्हणायचीस, वरच्या मजल्यावरच्या आजी ओरडायला यायच्या."

"गाणं म्हटलं की ते कमी ऐकू यायचं."

"ते म्हणजे?"

"आतलं," ती म्हणाली. "म्हणून मोठ्याने म्हणायचे."

मी आत्याकडे बघितलं. आत्या भिंतीला टेकून खाली बसत होती. मी विचारलं, "तेव्हाही होतं? सगळे दिवस?" तिने मान हलवली, ही मान तिने स्वतः हलवली. "जेवताना?" जेवतानाही, म्हणाली, पण घास गालात धरून ठेवायचा आणि कुणी बघत नसताना गिळायचा, तसं जमायचं. "अगं, मग सांगितलं का नाहीस?" माझा आवाज चढला होता. मला तिच्यावर ओरडायचं नव्हतं, मला कुणावर तरी ओरडायचं होतं.

"बाबा शिट्टी वाजवायला लागला होता ना," ती कुजबुजली. "आणि तुम्ही खुर्चीवर बसून जेवायचात. मला वाटलं, तुम्हाला थोडे दिवस सुट्टी देऊ."

स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, माणूस ओठ घट्ट मिटून रडतो तसा. मग नवरा आत गेला आणि मला त्याचं बोलणं ऐकू आलं. "बाई, मी बोलतोय. आत्ताच आलो होतो आम्ही. नाही, ठरवायचं आता काही उरलं नाही. पहिल्या औषधाने ती बरी झालीच नव्हती. हो, तीच म्हणतेय. मोठं औषध द्यायचंय आम्हाला, लवकरात लवकर काय ते सांगा." भोंगी ते ऐकत होती. तिने माझ्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "आता सांगितलं तर तुमची सुट्टी संपली ना?" तिने विचारलं. मी म्हटलं, आम्हाला सुट्टी नकोय. म्हणाली, खरंच? मी म्हटलं, खरंच, आत काय काय चालतं ते सगळं सांग, अगदी आत्ता चाललंय तेसुद्धा. तिने आधी दाराकडे पाहिलं, मग बाबाच्या आवाजाकडे, आणि माझ्या कानाशी तोंड आणून सांगायला सुरुवात केली. त्यातलं एकही वाक्य मला ऐकवत नव्हतं. मी ऐकत राहिले, आणि ती थांबली की म्हणत राहिले, पुढे.